कामाच्या ठिकाणची बोअरवेल: सूट परवान्यातून आहे, आजारातून नाही

वर्कशॉप, गोदाम, गिरणी, हायवेवरचा ढाबा, मंगल कार्यालय. अशा अनेक ठिकाणी नळाचे पाणी पोहोचलेले नसते. आवारात बोअरवेल किंवा जुनी विहीर असते, छतावर काळी टाकी असते आणि कामगार दिवसभर तेच पाणी पितात. घरी नळाला पाणी कमी असेल तर संध्याकाळी जाताना एक कॅन भरून घरीही नेतात.

हे पाणी कोण तपासते, असा प्रश्न रुग्ण मला विचारतात. लहान आस्थापनांच्या बाबतीत बऱ्याचदा कोणीच तपासत नाही. २०२५ मध्ये कामगार कायद्यांतील मर्यादा बदलल्या, त्यामुळे हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

सूट नेमकी कशातून मिळते?

भूजल उपसा: केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २४ सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दिवसाला १० घनमीटरपेक्षा (म्हणजे १०,००० लिटरपेक्षा) कमी भूजल उपसणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. पंधरा माणसांच्या वर्कशॉपला एवढे पाणी क्वचितच लागते. ही सूट किती पाणी उपसले याच्याशी संबंधित आहे. ते पिण्यायोग्य आहे का, याच्याशी तिचा संबंध नाही.

कारखाने: १९४८ च्या कारखाने कायद्याचे कलम १८ पिण्याच्या पाण्याबद्दल आहे. पुरेसे आणि आरोग्यास योग्य पाणी द्यायचे, त्या जागी कामगारांना कळणाऱ्या भाषेत तसे लिहायचे आणि संडास, मुतारी किंवा उघड्या गटारापासून ती जागा ६ मीटर दूर ठेवायची, असे त्यात होते. मूळ कायद्यात वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० आणि वीज नसलेल्या ठिकाणी २० कामगार असले की तो 'कारखाना' ठरत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत ही मर्यादा २० आणि ४० आहे. पिण्याचे पाणी देण्याची जबाबदारी नव्या संहितेतही मालकावरच आहे. पण धोकादायक कामांचा अपवाद सोडला तर ही संहिता साधारणपणे १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे.

दुकाने व आस्थापना: महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यातील बहुतेक तरतुदी १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर नेण्यास मंजुरी दिली.

अशी रेषा फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत १९७४ चा सुरक्षित पेयजल कायदा वर्षात किमान ६० दिवस २५ जणांना पाणी पुरवणाऱ्या व्यवस्थेला (किंवा १५ नळजोडण्यांना) लागू होतो. त्याहून लहान विहिरीची काळजी मुख्यतः तिच्या मालकानेच घ्यायची असते. प्रत्येक छोट्या जागी निरीक्षक पाठवणे कुठल्याच सरकारला शक्य नसते, म्हणून सूट देण्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण 'परवाना लागत नाही' याचा अर्थ लोक 'तपासायची गरज नाही' असा घेतात आणि तिथे धोका सुरू होतो.

माणसे कमी असली की आजार लपतो

गावात पन्नास जणांना एकदम जुलाब झाले की आरोग्य विभाग धावून येतो. आठ जणांच्या वर्कशॉपमध्ये महिन्याभरात दोघांना कावीळ झाली तर ते दोन वेगळ्या डॉक्टरांकडे जातात आणि दुवा जुळत नाही. शिवाय हे आजार लगेच दिसत नाहीत. दूषित पाण्यातून टायफॉइड व्हायला १ ते ३ आठवडे लागतात, हिपॅटायटिस ई ची कावीळ व्हायला २ ते १० आठवडे. तोपर्यंत रुग्ण त्या दिवशीचे पाणी विसरलेला असतो आणि बाहेरच्या वडापावला दोष देतो.

बहुतेकांना हे आजार औषधोपचाराने आणि विश्रांतीने बरे होतात, पण सगळ्यांचे तसे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाल्यास २० ते २५ टक्के स्त्रियांचा मृत्यू होऊ शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी परिसरात गुलेन बारे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण वाढले. तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले, आणि विहिरी, टँकर, खासगी आरओ प्रकल्प या सगळ्यांच्या पाण्याकडे लक्ष गेले. जीबीएस दुर्मीळ आहे, तरीही साध्या जुलाबानंतर तो होऊ शकतो.

जंतूंशिवाय दुसरा धोका: नायट्रेट आणि फ्लोराइड

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव हे जिल्हे जास्त बाधित जिल्ह्यांच्या यादीत होते. शेतातली खते आणि सांडपाणी ही त्याची मुख्य कारणे आहेत.

मोठ्या माणसाला नायट्रेटचा त्रास सहसा लगेच जाणवत नाही. सहा महिन्यांखालील बाळाला मात्र अशा पाण्यात कालवलेले वरचे दूध दिले तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता कमी होऊन बाळ निळसर पडू शकते. म्हणून कामावरून भरून आणलेला कॅन घरात तान्हे बाळ असेल तर विशेष महत्त्वाचा ठरतो. फ्लोराइड वर्षानुवर्षे जास्त गेले तर दातांवर डाग पडतात आणि हाडे, सांधे आखडतात.

तपासणी कुठे आणि कधी?

जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत. तिथे ठरावीक शुल्क भरून खासगी विहिरीचे पाणीही तपासून मिळते. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या आणि नमुना लवकर पोहोचवा. जल जीवन मिशनमध्ये गावाच्या पाण्याची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची तपासणी दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, अपेक्षित आहे. वर्कशॉपच्या बोअरवेललाही तोच नियम लावा.

अहवालात हे पाहा (भारतीय मानक १०५००):

- ई. कोलाय: १०० मिलिलिटर पाण्यात एकही नको.
- नायट्रेट: लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत.
- फ्लोराइड: १ मिलिग्रॅमपर्यंत, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५.
- टीडीएस (विरघळलेले क्षार): ५०० मिलिग्रॅमपर्यंत, दुसरा स्रोत नसेल तर २,०००.

फिल्टर विकणारे लोक पेनासारखा टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतात. त्यावरून क्षारांचा अंदाज येतो. जंतू आहेत की नाहीत, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

कोणता उपाय कशावर चालतो?

- उकळणे: जंतू मरतात. नायट्रेट, फ्लोराइड जात नाही. पाणी आटले की उलट वाढते.
- यूव्ही: पाणी स्वच्छ असेल तर जंतूंवर उपयोगी. क्षारांवर नाही.
- आरओ: क्षार, नायट्रेट, फ्लोराइड कमी करतो. मेंब्रेन वेळेवर बदलला नाही तर भरवसा राहत नाही.
- ब्लीचिंग पावडर: १,००० लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची ताजी पावडर २.५ ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता आणि एक तास थांबा.

थंड पाण्याचा जार मागवणे हा उपाय सोपा वाटतो. पण तो जार कुठल्या बोअरवेलवर भरला आणि त्या पाण्याचा अहवाल आहे का, हेही विचारायलाच हवे.

मालकाने आणि कामगारांनी काय करावे?

मालकांनी अहवाल पाण्याच्या टाकीजवळ चिकटवावा. बोअरवेलचे तोंड जमिनीच्या वर, सिमेंटने बंद केलेले हवे आणि शोषखड्डा किमान १५ मीटर दूर हवा. टाकीचे झाकण घट्ट हवे. एका तपासणीचा खर्च आजारी कामगाराच्या काही खाड्यांपेक्षा जास्त नसतो.

कामगारांना 'पाणी चांगलं आहे का?' असे विचारून 'आम्हीही तेच पितो' एवढेच उत्तर मिळते. त्यापेक्षा 'शेवटची तपासणी कधी झाली आणि अहवाल कुठे आहे?' असे विचारा. आणि जुलाब, ताप किंवा कावीळ घेऊन डॉक्टरांकडे गेलात की दोन गोष्टी आपणहून सांगा: कामावर कुठले पाणी पिता, आणि तिथे आणखी कोणी आजारी आहे का. दोन नावे निघाली तर डॉक्टर आरोग्य विभागाला कळवू शकतात.

लगेच दवाखाना गाठा, जर:

- जुलाबासोबत लघवी खूप कमी झाली, ग्लानी आली किंवा शौचातून रक्त गेले
- गरोदर स्त्रीचे डोळे किंवा लघवी पिवळी झाली
- जुलाबानंतर काही दिवसांत पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढू लागला
- तान्ह्या बाळाचे ओठ किंवा नखे निळसर दिसली