पेशींवरील ताण : यकृत आणि आतडी

मार्च लागला की पेडणे महालातील सड्यांवर काजूचे बोंडू पिकू लागतात आणि मे सरेपर्यंत भाट्या पेटलेल्या असतात. मोपाच्या सड्यावर डिसेंबर २०२२ मध्ये मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले, तरी भोवतालच्या गावांतून हा हंगाम चालूच आहे. पहिल्या उकळीचा हुर्राक. तो पुन्हा गाळला म्हणजे फेणी. २००९ साली काजूफेणीला भौगोलिक मानांकन लाभले, आणि तो गोमंतकाचा मान आहे हे आम्हासही मान्य आहे. आज मात्र त्या पेल्याचा विचार चवीच्या वा नीतीच्या अंगाने करावयाचा नसून, त्यातील मद्यार्क यकृताच्या पेशीपर्यंत पोहोचल्यावर तेथे काय घडते एवढेच पाहावयाचे आहे.

पेशीला कारखाना म्हणण्याची रूढी आहे. आम्हास तिची तुलना कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या परटाशी करणे अधिक योग्य वाटते. पेशीत प्रथिनाचा धागा तयार झाला एवढ्याने भागत नाही. त्याची नेमकी घडी पडावी लागते, तरच तो कामास येतो. पेशीबाहेर पाठवावयाच्या प्रथिनांच्या घड्या आंतर्द्रव्यजालिका नावाच्या पडद्यांच्या जाळ्यात पडतात. चुकीच्या घडीचा माल साचू लागला की पेशीवर ताण येतो. मग ती नवे काम आवरते घेते, घडी घालणारे मदतनीस वाढविते, बिघडलेला माल मोडून टाकते. इतके करूनही निभावले नाही, तर ती आपला आपणच अंत करून घेते. हा संकटाचा संदेश जालिकेतून कसा निघतो, याचा पहिला दुवा १९९३ मध्ये काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर या दोन संशोधकांना स्वतंत्रपणे सापडला, आणि २०१४ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्यांचे प्रयोग झाले ते किण्वावर. पाव फुगविणारे किण्व ते हेच.

हा ताण यकृत व आतडी यांनाच अधिक का भोवावा? एक तर या दोन्ही ठिकाणच्या पेशींना प्रथिने घडविण्याचे काम अफाट असते. दुसरे असे की, आपण जे गिळतो त्याचा पहिला आघात आतड्यांवर होतो, आणि आतड्यांतून निघालेले रक्त थेट यकृताकडे जाते. यकृतास मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येते.

मद्यार्क यकृतात मोडला जातो तेव्हा ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य निर्माण होते. ते प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बिघडविते. पेशीत चरबी साठू लागते. शिवाय मद्याने आतड्याचे अस्तर सैल होऊन जंतूंची विषे त्याच रक्तातून यकृतात उतरतात, म्हणजे आधीच थकलेल्यावर आणखी ओझे. १९११ मध्ये फ्रँक मॅलरी या अमेरिकन रोगविज्ञाने मद्यप्यांच्या यकृतपेशींत काही गाठोडी पाहून त्यांचे वर्णन केले. ती विस्कटून गोळा झालेल्या केराटिन प्रथिनांची असतात, हे पुढे कळले. मोडून टाकता न आलेल्या मालाचा तो ढीग होय.

आश्चर्य असे की, हीच गाठोडी अशा बालकांच्या यकृतांतही सापडली ज्यांच्या ओठांना मद्याचा थेंब लागला नव्हता. सहा महिने ते पाच वर्षे या वयाची मुले. पोट फुगे, यकृत दगडासारखे कठीण लागे, कावीळ होई, आणि बहुतेक दगावत. भारतीय बाल-यकृतकाठिण्य हे त्या रोगाचे नाव. घराण्याला लागलेला शाप म्हणून कित्येक आयांनी तो मुकाट्याने सोसला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह या रोगाचा माग काढला. या मुलांच्या यकृतात तांबे अतोनात साठलेले होते. ते कोठून आले? गाईम्हशीचे दूध पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवून तेथेच ठेवले जाई आणि अंगावरचे दूध लवकर सोडवून तेच तान्ह्याला पाजले जाई. कल्हई नसलेल्या भांड्यातील तांबे दुधातील प्रथिनांना चिकटते. १९८३ मध्ये हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध झाला. काही मुलांत जन्मजात प्रवृत्तीही असावी, असे काही तज्ज्ञ म्हणतात. परंतु आयांना भांडे बदलावयास सांगितले गेले, घरोघरी स्टेनलेस स्टील आले, आणि १९९० च्या दशकात हा रोग दुर्मिळ झाला. दारावर हाक देणाऱ्या कल्हईवाल्याची किंमत तो दिसेनासा झाल्यावर आम्हास कळली.

आतड्यांचे संशोधन इतके पुढे गेलेले नाही. २००८ मध्ये आर्थर कासर, रिचर्ड ब्लुमबर्ग व सहकाऱ्यांनी उंदरांच्या आतड्याच्या अस्तरातून ताण सावरणारे एक जनुक काढून टाकले, तेव्हा जंतुनाशक द्रव्ये स्रवणाऱ्या पेशी नाहीशा झाल्या आणि आतड्याला आपोआप दाह सुरू झाला. माणसांतील दीर्घकालीन आंत्रदाहाशीही त्या जनुकातील फरकांचा संबंध दिसला. अर्थात हा रोग एकाच कारणाने होत नाही. आनुवंशिकता, आतड्यांतील जंतू, प्रतिकारशक्ती ही सर्व त्यात गुंतलेली आहेत. रुग्णाच्या चिंतेने किंवा स्वभावाने तो जडला, असे मात्र कोणी म्हणू नये. येथे ताण म्हणजे पेशीचा ताण.

पितळेचे भांडे बाजूला सारणे सोपे होते. पेला तितका सोपा नाही. तरी मद्यामुळे यकृतात साठलेली चरबी, मद्य पूर्ण बंद केल्यास, पुष्कळदा काही आठवड्यांतच ओसरते. यकृतात व्रण पडून ते कठीण झाले की मागे फिरणे दुष्कर. दुर्दैव हे की तोवर काही दुखत नाही. भूक लागते, माणूस शेतावर जातो. म्हणून रोज घेणाऱ्याने, आणि न घेणाऱ्या पण मधुमेही वा स्थूल माणसानेही, रक्ताची व सोनोग्राफीची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांनी किती घेता असे विचारल्यास खरे माप सांगावे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने मात्र एका दिवसात स्वतःच्या मनाने सोडू नये. कंप, झटके, भ्रम होऊन जीव धोक्यात येतो, यास्तव ते वैद्यकीय देखरेखीखालीच करावे. आणि शौचावाटे रक्त पडत असेल, आठवडेच्या आठवडे जुलाब होत असतील, वजन उतरत असेल, तर मूळव्याध म्हणून घरगुती औषधावर दिवस काढू नयेत.