मनसरची टेकडी आणि युनेस्को

परवा शनिवारी जबलपूर रोडने मनसरला जाऊन आलो. नागपूरहून जेमतेम ४५-५० किलोमीटर. आपण सगळे या रस्त्याने रामटेकला किंवा पेंचला जातो, वाटेत ढाब्यावर थांबतो आणि हिडिंबा टेकडीकडे बघतसुद्धा नाही. मीही त्यातलाच :)

इथे १९९७-९८ पासून जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांनी बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेतर्फे उत्खनन केलं. विटांचं प्रचंड बांधकाम निघालं. आणि मग वाद! काही जण म्हणतात, हा नागार्जुनाचा विहार. हान्स बाकर या डच अभ्यासकाच्या मते हे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरपूर आणि त्याचं प्रवरेश्वराचं देऊळ. 'प्रवरेश्वरस्य' असा मजकूर असलेले मातीचे मुद्रांक इथे सापडलेत, म्हणजे बाकरांचं म्हणणं हवेतलं नाही. पण १९५६ च्या दीक्षाभूमीच्या शहरात विहाराचा प्रश्न नुसता पुरातत्त्वाचा राहत नाही, हेही खरंच.

'मनसरला जागतिक वारसा करा' म्हटलं, की लगेच प्रश्न येतो, विहार म्हणून की देऊळ म्हणून? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर जुनं व्हर्जन डिलीट करून नवं दाखवण्यासारखं आहे हे. टेकडीवर एकावर एक थर आहेत, ते सगळे थर लिहा ना.

आणि एकट्या टेकडीने भागणार नाही. युनेस्कोला दहापैकी किमान एक निकष पूर्ण व्हावा लागतोच, शिवाय जागेची अखंडता आणि संरक्षणाची व्यवस्थाही दाखवावी लागते. जवळच रामटेकचा डोंगर आहे, त्यावर वाकाटककालीन केवल नरसिंह मंदिर, आत शिलालेख. आणि नगरधन, म्हणजे वाकाटकांची आधीची राजधानी नंदिवर्धन. तिथे डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने २०१५ ते २०१८ मध्ये खोदलं, तेव्हा प्रभावतीगुप्ताचा मुद्रांक मिळाला. चंद्रगुप्ताची ही मुलगी, मुलं लहान म्हणून स्वतः राज्य चालवणारी. आपल्या शाळेच्या पुस्तकात तिला किती ओळी होत्या आठवतंय?

अजिंठा १९८३ मध्येच यादीत गेलं. तिथली बरीचशी लेणीही वाकाटकांच्याच काळातली, फक्त दुसऱ्या शाखेची. मग ही तीन ठिकाणं एकत्र का मांडू नयेत?

फक्त एक भीती आहे. नगरधनमध्ये लोक राहतात, शेती करतात. मनसरला मॅंगनीजच्या खाणी आहेत, त्यावर घरं चालतात. वारसा म्हटलं की संरक्षित क्षेत्र आलं, नवीन खोली बांधायलासुद्धा परवानगी आली. ही गोष्ट गावकऱ्यांना प्रस्ताव दिल्लीला गेल्यावर नाही, नकाशा काढायला बसतानाच सांगायला हवी. गावात कुठे काय सापडतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

पुढच्या रविवारी नगरधनला जातोय. कोणाला यायचं असेल तर सांगा, गाडीत दोन सीट रिकाम्या आहेत.