काटकसर कोठे करावी?

हैदराबादजवळ २०१६ साली वंडरला हे मनोरंजन-उद्यान उघडले, तेव्हापासून सुट्टी लागली की तेथे जाण्याचा हट्ट घरोघरी सुरू होतो. तिकिटांचा हिशेब झाला म्हणजे बहुधा आई म्हणते, “तुम्ही जाऊन या, मी घरी थांबते.” ही काटकसर आम्हांस मुळीच मान्य नाही.

खर्च वाचविण्याचे चांगले मार्ग पुष्कळ आहेत. शनिवार-रविवार टाळावा, इतर दिवशी तिकीट स्वस्त पडते. मुलांचे तिकीट वयावर नव्हे, उंचीवर ठरते. तेव्हा धाकट्यांची उंची घरीच मोजावी. पाण्यातील खेळांना नायलॉनचे कपडे लागतात; ते घरून न्यावेत, म्हणजे तेथे विकत घ्यावे लागणार नाहीत. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत. म्हणून पोटभर न्याहारी करूनच निघावे. तेलंगणातील रहिवासी स्त्रियांना डिसेंबर २०२३ पासून राज्याच्या साध्या व एक्सप्रेस बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येतो. मग भाड्याची मोटार कशाला?

विद्यार्थिमित्रहो, हा हिशेब आपण स्वतः वहीत मांडावा व वडिलांपुढे ठेवावा. वाचलेल्या पैशांतून आईचे तिकीट निघाले, तरच आपली काटकसर सार्थकी लागली असे आम्ही म्हणू.