खाजेचं मलम, चिठ्ठीशिवाय

मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य



पावसाळा लागला की दवाखान्यात गजकर्णाची रांग लागते. पण नुसतं गजकर्ण घेऊन येणारा रुग्ण आता विरळाच. मेडिकलमधून ‘खाजेचं मलम’ आणून आधीच लावलेलं असतं. दाखवा म्हटलं की खिशातून शेवटच्या थेंबापर्यंत पिळून गुंडाळलेली ट्यूब निघते. उलगडून, भिंग लावून वाचावं, तर क्लोबेटासॉल हे अतितीव्र स्टिरॉइड, निओमायसिन हे प्रतिजैविक आणि मायकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध, तिन्ही एकत्र.

अशा मलमाची ॲलर्जी आली तरी ती ओळखू येत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. निओमायसिन याबाबतीत कुप्रसिद्धच. मायकोनॅझोलची ॲलर्जी त्यामानाने क्वचित होते, पण झालीच तर इकोनॅझोलसारखी त्याची भावंडंही सोसेनाशी होतात. कधी दोष औषधाचा नसतोच. क्रीममधलं प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा क्लोरोक्रेसॉल बाधतं. अनेक ट्यूबांवर मात्र ‘क्रीम बेस’ म्हणून विषय मिटवलेला. त्यात स्टिरॉइड ही ॲलर्जी दाबून धरतं. मलम थांबवलं की चट्टा लालबुंद होतो, पाणी सुटतं. गजकर्ण उसळलं असं समजून माणूस त्याच दुकानातून तीच ट्यूब पुन्हा आणतो.

नेमकं काय बाधलं ते पॅच टेस्टने कळतं. पाठीला पट्ट्या लावायच्या, 48 तासांनी काढून पाहायचं, 96 तासांच्या सुमारास पुन्हा. रोजंदारीवरच्या माणसाने इतक्या फेऱ्या मारायच्या कशा? आणि तालुक्याच्या गावी ही सोय असते कुठे!

2018 मध्ये केंद्राने स्टिरॉइड मलमांना असलेली चिठ्ठीची सवलत काढून ती मलमं अनुसूची ‘एच’मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही. हा इशारा ट्यूबवर असतो, पण इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. लेबलाचे नियम दिल्लीत ठरतात, हे मान्य. तरी इशारा मराठीतही असावा आणि बेसमधले घटक नावानिशी छापावेत, अशी शिफारस आपण करू शकता. दुकानांची तपासणी तर सर्वस्वी आपल्याच हातात आहे.

आपल्या औषध निरीक्षकांना गिऱ्हाईक म्हणून पाठवा. जांघेत खाज आहे, एवढंच सांगू द्या. चिठ्ठी कोण मागतं, बिल कोण देतं, याची जिल्हावार नोंद जाहीर करा.

आपला,
एक त्वचारोगतज्ज्ञ