महाडच्या उकाड्यात अंगावर टिकेल ते जॅकेट

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुंबई-गोवा महामार्गावर दुचाकींच्या रांगा लागतात. ६ जूनच्या शिवराज्याभिषेक सोहळ्यासाठी रायगडाकडे निघालेली ही मंडळी महाडला महामार्ग सोडतात आणि नाते खिंडीतून पाचाडकडे वळतात. त्यांतल्या बऱ्याच तरुणांची ही पहिलीच लांबची राइड असते. पाऊस दारात आलेला असतो, वारा पडलेला असतो, अंगाला सदरा चिकटलेला असतो. ज्यांनी हौसेने रायडिंग जॅकेट घेतले आहे, त्यांच्यापैकी अनेकांनी ते महाड येण्याआधीच काढून मागच्या सीटला बांधलेले दिसते. पुढचा रस्ता अरुंद, वळणांचा आणि गर्दीचा, आणि जॅकेट बंजी दोरीत.

आपल्या मासिकाचे बहुतेक वाचक रायडिंग शिकवतात, ग्रुप घेऊन जातात किंवा रायडिंग गिअरचे दुकान चालवतात. ‘पहिलं जॅकेट कोणतं घेऊ?’ हा प्रश्न तुम्हाला रोज विचारला जातो. त्यावर आपण लगेच ब्रँड आणि बजेट बोलू लागतो. माझे म्हणणे असे की त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: कुठल्या रस्त्याने जाणार, कुठल्या महिन्यात, आणि दिवसाच्या कुठल्या वेळी. नवख्याचे जॅकेट त्याच्या रस्त्यावरच्या उकाड्यात अंगावर टिकले पाहिजे. काढून ठेवलेल्या जॅकेटची प्रमाणपत्रे कितीही भारी असली तरी ती कोणाचे कोपर वाचवत नाहीत.

महाड-पोलादपूर हा पट्टा या दृष्टीने फार बोलका आहे. समुद्र लांब, चहूबाजूंनी डोंगर, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास आणि जोडीला दमट हवा. पोलादपूरला महाबळेश्वरचा फाटा घेतला की आंबेनळी घाट सुरू होतो आणि चाळीसेक किलोमीटरमध्ये गाडी साडेतेराशे मीटर उंचीवर पोहोचते. पावसाळ्यात खाली चिकचिक आणि वर धुके, थंडी, झोडपणारा पाऊस, हे सगळे एकाच दुपारी भेटते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा घाट दरडींनी बंद पडला होता. महाडहून भोरकडे जाणारा वरंध घाटही दरडींमुळे पावसाळ्यात बंद ठेवावा लागतो. दरड हटवली तरी लाल माती आणि खडी वळणावर पसरलेली राहते, कडेला शेवाळ धरते. इथले पडणे बहुतेकदा तीस-चाळीसच्या वेगातले असते. पुढचे चाक सुटते, गाडी एका अंगावर आडवी होते आणि स्वार खांद्यावर, कोपरावर, तळहातावर घसरत जातो. अशा पडण्यात चांगले जॅकेट खरोखर उपयोगी पडते. समोरून ट्रक आला किंवा गाडी कठड्यापलीकडे गेली, तर जॅकेटकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही, आणि हे गिऱ्हाइकाला स्वच्छ सांगितले पाहिजे.

म्हणून या भागातल्या नवख्याला मी जाळीचे जॅकेट सुचवेन, पण सरसकट जाळीचे नाही. छाती, पाठ आणि बाहीची आतली बाजू जाळीची असावी. खांदा, कोपर आणि कोपराखालची बाहेरची बाजू घट्ट विणीच्या जाड कापडाची असावी, कारण रस्ता तिथेच लागतो. कापडाबद्दल बोलताना दुकानात डेनियरचा आकडा फार मिरवला जातो. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. त्यातून धाग्याची जाडी कळते, ताकद नव्हे. ५०० डेनियरचे उच्च ताकदीचे नायलॉन ६०० डेनियरच्या साध्या पॉलिस्टरपेक्षा घासण्याला अधिक टिकू शकते. विक्रेत्यांनी तरी हा फरक गिऱ्हाइकापासून लपवू नये.

कापडाहून मोठा घोळ ‘सीई’ या दोन अक्षरांनी घातला आहे. आत बसवलेल्या पॅडवर सीईची खूण असली की संपूर्ण जॅकेट प्रमाणित आहे असे नवखा समजतो, आणि आपण त्याला तसे समजू देतो. पॅडचे मानक वेगळे, कपड्याचे वेगळे. खांदा-कोपराच्या पॅडसाठी ईएन १६२१-१ हे मानक आहे. चाचणीत ५० ज्यूलचा आघात केल्यावर पॅडमधून पलीकडे सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल गेले तर लेव्हल १, आणि २० पर्यंतच गेले तर लेव्हल २. पाठीच्या पॅडसाठी ईएन १६२१-२ आहे; तिथे हेच आकडे १८ आणि ९ आहेत. संपूर्ण कपड्याचे मानक ईएन १७०९२. त्यात एएए, एए आणि ए हे घासणे, शिवण आणि आघात तिन्हींचा विचार करणारे वर्ग आहेत. बी वर्गात पॅड नसतात, आणि सी वर्ग फक्त पॅड जागेवर धरून ठेवणाऱ्या कपड्याचा, त्याला घासण्यापासून संरक्षण देण्याची अट नाही. सर्वाधिक धोक्याच्या भागांसाठीची चाचणी ए वर्गात ताशी सुमारे ४५, एएमध्ये ७० आणि एएएमध्ये १२० किलोमीटर वेगाशी जुळणारी असते. घाटातल्या वेगाला ए वर्ग कामाचा आहे, महामार्गासाठी एए बरा. भारतात हेल्मेटला आयएसआय खूण सक्तीची आहे, जॅकेटला अशी सक्ती नाही. त्यामुळे आतल्या शिवणीवरचे लेबल वाचून दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आणि शिकवणाऱ्यावर येते.

लेबलावर आणखी एक बारीक खूण शोधावी: ‘टी’ आणि अधिकचे चिन्ह. हा पॅड ४० अंशांवरही तपासला आहे असा तिचा अर्थ. ही चाचणी ऐच्छिक असते. मऊ फोमसारखे पॅड उन्हात तापले की आणखी मऊ पडतात आणि आघात शोषण्याची त्यांची ताकद कमी होऊ शकते. युरोपात बसून ही खूण दुर्लक्षिली तर चालेल. मे महिन्यात महाडच्या पेट्रोल पंपावर गाडी उन्हात उभी करणाऱ्याने ती पाहूनच घ्यावे.

आणि पाठीचा खिसा उघडून बघायलाच हवा. कितीतरी जॅकेटांत पाठीला पातळ स्पंजची पट्टी घातलेली असते, आकार देण्यापुरती. ती पॅड नव्हे. ती काढून लेव्हल २ चा खरा पाठीचा पॅड बसवा, आणि त्याचे पैसे पहिल्याच दिवशी हिशोबात धरा.

मापाबाबत आपल्याकडे फार ढिलाई आहे. आरशासमोर उभे राहून जॅकेट बघण्यात अर्थ नाही. गाडीवर बसवा, हात हँडलवर ठेवायला लावा. त्या वेळी कोपराचा पॅड कोपराच्या टोकावर आहे का? मनगट उघडे पडते का? दंडाला धरून पॅड फिरवून पाहा. हाताने सहज सरकणारा पॅड रस्त्यावरही सरकेल. ‘आत स्वेटर घालायला जागा ठेवू’ म्हणून एक माप मोठे घेणे ही आपली जुनी खोड आहे, आणि ती पॅडला जागेवरून हलवते. मुलींना पुरुषांच्या मापातले छोटे जॅकेट देऊन वाटेला लावणे तर थांबलेच पाहिजे. खांदे ढगळ आणि कंबर घट्ट असे जॅकेट पडताना वर सरकते.

आता पाऊस. तीन थरांची जॅकेटे शोरूममध्ये चटकन खपतात: बाहेर कापड, आत पावसाचे अस्तर, त्याच्या आत थंडीचे. कोकणच्या पावसात हा बेत फसतो. अस्तर आत असल्याने बाहेरचे कापड पाणी पिते, जड होते आणि पोलादपूरच्या लॉजवर रात्रभर पंख्याखाली टांगले तरी सकाळी ओलेच असते. त्याच ओल्या कापडावर घाटात वारा लागला की अंगातली ऊब निघून जाते. त्यापेक्षा वरून घालायचा रेनकोट-पँटचा सूट घ्यावा, जॅकेटवर चढेल इतका सैल आणि धुक्यात उठून दिसेल अशा पोपटी किंवा नारिंगी रंगाचा. जॅकेटवरच्या चमकत्या पट्ट्या रेनकोटखाली झाकल्या जातात, म्हणून रेनकोटवर स्वतःच्या पट्ट्या हव्यात. पावसाळाभर कपाटात कोंडलेल्या जॅकेटला बुरशी धरते, चामड्याला तर हमखास. पॅड काढून ते सावलीत वाळवायची सवय लावा.

आपण नवखा म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर मुंबई-पुण्याचा मुलगा येतो. पण पोलादपूरच्या एखाद्या वाडीतून महाड एमआयडीसीत रात्रपाळीला जाणारा, शंभर-सव्वाशे सीसीची गाडी नुकती हप्त्यावर घेतलेला कामगारही नवखाच आहे, आणि तो या रस्त्यावर बारा महिने असतो. त्याला महागडे जॅकेट सांगून काय उपयोग? त्याने निदान शर्टाच्या आत घालता येणारा, खांदा-कोपराचे प्रमाणित पॅड असलेला जाळीचा बनियन घ्यावा आणि वरून जाड डेनिमचे जॅकेट चढवावे. हे पूर्ण जॅकेटच्या तोडीचे नाही, पण नुसत्या शर्टापेक्षा पुष्कळ बरे. आपल्या दुकानांत या माणसासाठी काय आहे, याचा विचार व्हायला हवा.

पैशांबद्दल एक गोष्ट आपल्या धंद्याला रुचणार नाही, तरी लिहितो. ऑस्ट्रेलियात अपघात झालेल्या २१२ दुचाकीस्वारांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रायडिंग जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचा धोका न घातलेल्यांपेक्षा २१ टक्के कमी आढळला. रायडिंग पँट घातलेल्यांचा मात्र ५१ टक्के आणि हातमोजे घातलेल्यांचा ५९ टक्के कमी होता. आपण नवख्याचे सगळे बजेट जॅकेटवर ओतायला लावतो आणि तो जीन्स नि उघड्या हातांनी आंबेनळी चढतो. जॅकेट एक पायरी खाली आणा, पण त्याच खरेदीत चांगले हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड बसवून द्या.

त्याच अभ्यासात जवळपास ३० टक्के रायडिंग जॅकेटे अपघातात फाटून किंवा उसवून निकामी ठरली होती. म्हणून पुढच्या अंकापासून आपण एक काम हाती घेत आहोत. तुमच्या ग्रुपमध्ये, तुमच्या शाळेत, तुमच्या गिऱ्हाइकांपैकी कोणी पडले असेल, तर त्या जॅकेटचे फोटो पाठवा: खांदा, कोपर, शिवण आतून आणि बाहेरून, लेबल, पॅड. स्वाराचे नाव नको. रस्ता, अंदाजे वेग, रस्ता कोरडा होता की ओला, आणि त्या वेळी चेन गळ्यापर्यंत लावलेली होती की उघडी, एवढे लिहा. पावसाळ्यात घाटात घसरलेल्या जाळीच्या जॅकेटांचे फोटो आम्हाला सर्वांत आधी हवे आहेत.