कात कुणी टाकायची?

जिंतूर तालुक्यातल्या एका गावात बचतगटाच्या बैठकीला एक मुलगी तोंडाला ओढणी गुंडाळून बसली होती. ओढणी सोडली तर गाल लालभडक, सालं निघालेली. "चुलीपुढं बसलं तरी आग होते, ताई." स्थळं बघायला सुरुवात झाली म्हणून आईनेच औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय ट्यूब आणली होती. आधी रंग उजळला, घरचे खूश. महिन्यांनी ट्यूब थांबवली आणि हे झालं.

मैत्रिणींनो, त्वचा आपली कात रोजच टाकते. खालच्या थरात नव्या पेशी तयार होतात, वर सरकताना चपट्या होतात, मरतात आणि साधारण चार आठवड्यांत गळून पडतात. अंग चोळताना निघणाऱ्या मळात बऱ्याचशा त्याच असतात. पण गळेपर्यंत त्या मेलेल्या पेशींचाच थर धूळ, जंतू अडवतो. रंग तयार होतो तो खाली. वरून कितीही सोला, खालून आपल्याच रंगाची त्वचा येणार. रानात दिवसभर वाकणाऱ्या बाईला तो रंग उन्हापासून जपतो, हे कोणती जाहिरात सांगते?

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती. हायड्रोक्विनोन रंग बनणं रोखतं, ट्रेटिनॉइन सालं भराभर काढतं, स्टेरॉइड लाली दाबतं आणि त्वचा पातळ करतं. वांगावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे आठवडे लावायचं हे औषध. स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर केंद्र सरकारने २०१८ मध्ये बंधनं कडक केली. कागदावर! गोरं करणाऱ्या दुसऱ्या एका क्रीमपायी अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी २०२३ मध्ये आली. केईएम रुग्णालयाच्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला होता.

आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात, रेशन, पाणी, मारहाण सोडून क्रीमचं काय घेऊन बसलात? अगं, सावळ्या मुलीच्या बापाकडे जास्त हुंडा मागतात, तो वाचवायला आई ट्यूब आणते. हा हुंड्याचाच हप्ता आहे, मुलीच्या कातड्यातून फेडलेला. म्हणून आईला अडाणी ठरवून मोकळं होऊ नका. 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातलं 'फेअर' काढलं. स्थळाच्या चिठ्ठीतलं 'गोरी हवी' कुणी काढलं?

त्या आईकडे ट्यूबचं बिल नव्हतं. आता आमच्या गटातल्या बाया मलम घेताना बिल मागतात. दोन दुकानांत त्यावरून भांडणं झाली. मागत राहणार आहोत, कारण अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार न्यायची तर हातात कागद लागतो.