सिनेटसाठीही दुसरी फेरी हवी : ब्राझीलच्या सिनेट सदस्यांना खुले पत्र



तुमच्या देशातील राज्यांच्या निवडणुकीत एकाच मतदाराला एकाच यंत्रासमोर, एकाच रविवारी दोन वेगळे न्याय लावले जातात. 2022च्या ऑक्टोबरमध्ये मतदार आधी सिनेटच्या उमेदवाराचा तीन अंकी क्रमांक दाबत होता आणि लगेच गव्हर्नरपदाच्या उमेदवाराचा दोन अंकी क्रमांक. गव्हर्नरपदासाठी कोणालाही वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुसरी फेरी होते. सिनेटसाठी तसे काही नाही. ज्याची मते सर्वांत जास्त तो निवडून आला, मग ती मते एक तृतीयांशाहूनही कमी का असेनात. गव्हर्नरची मुदत चार वर्षांची आहे, सिनेट सदस्याची आठ वर्षांची. ज्याला दुप्पट काळ सत्ता द्यायची, त्याच्याकडून मात्र कमी पाठिंब्याचा पुरावा मागायचा, हे उलटे आहे आणि ते बदलण्याचा अधिकार आपल्या हाती आहे. सिनेट सदस्याची निवडही गव्हर्नरप्रमाणेच बहुमताने, म्हणजे गरज पडल्यास दुसऱ्या फेरीने व्हावी, एवढीच माझी मागणी आहे.

हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण हा प्रश्न आमचाही आहे. तुमचा गव्हर्नर हा आमच्या राज्यपालांसारखा दिल्लीहून नेमलेला नसतो. तो लोकांनी थेट निवडलेला राज्यप्रमुख असतो, म्हणजे कामाच्या दृष्टीने आमच्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. आमचे विधानसभेचे आमदार आणि लोकसभेचे खासदार सर्वाधिक मतांच्या नियमानेच निवडून येतात, आणि तिरंगी-चौरंगी लढतीत निम्म्याहून कितीतरी कमी मतांवर विधानसभा गाठणे महाराष्ट्रात नवलाचे नाही. तुम्ही 1988च्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर आणि मोठ्या शहरांचे महापौर यांच्यासाठी या दोषावर उपाय केला. इतक्या मोठ्या, इतक्या विषम देशात तो चालतो हे दाखवून दिले. म्हणूनच तो सिनेटच्या दाराशी येऊन थांबावा याचे दुःख वाटते.

पुरावा 2022च्याच निवडणुकीत आहे. रिओ ग्रांदे दो सुल राज्यात गव्हर्नरपदाच्या पहिल्या फेरीत ओनिक्स लोरेन्झोनी यांना 37.50 टक्के मते मिळाली. दुसऱ्या क्रमांकावर एदुआर्दो लेइते होते 26.81 टक्क्यांवर, आणि तिसऱ्यावर एदगार प्रेत्तो 26.77 टक्क्यांवर. लेइते आणि प्रेत्तो यांच्यात अडीच हजारांहूनही कमी मतांचे अंतर होते. सिनेटचा नियम लावला असता तर निकाल त्याच रात्री लागला असता आणि दहा टक्क्यांहून मोठ्या आघाडीने लोरेन्झोनी गव्हर्नर झाले असते. दुसरी फेरी झाली तेव्हा लेइते 57.12 टक्के मतांनी जिंकले. त्या राज्यातील बहुसंख्य मतदारांना लोरेन्झोनी नको होते, पण पहिल्या फेरीत ते बहुसंख्य दोन ठिकाणी विभागले गेले होते. त्यांची खरी संख्या दुसऱ्या रविवारी कळली.

हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. त्या वर्षी 12 राज्यांत गव्हर्नरपदाची दुसरी फेरी झाली आणि त्यांपैकी चार राज्यांत, म्हणजे रिओ ग्रांदे दो सुल, पेर्नांबुको, सर्जिपे आणि मातो ग्रोसो दो सुल येथे, पहिल्या फेरीत आघाडीवर असलेला उमेदवार हरला. पेर्नांबुकोमध्ये राकेल लिरा पहिल्या फेरीत मारिलिया आराएस यांच्या मागे होत्या, त्या शेवटी सुमारे 59 टक्के मते घेऊन गव्हर्नर झाल्या. मातो ग्रोसो दो सुलमध्ये पहिले दोघेही 25 ते 27 टक्क्यांच्या दरम्यान होते. तिथे पहिल्या क्रमांकाला विजय म्हणणे म्हणजे चारांतल्या तिघांचे मत बाजूला ठेवणे झाले असते. दर तीन दुसऱ्या फेऱ्यांपैकी एक निकाल उलटला. पहिल्या फेरीतला पहिला क्रमांक आणि लोकांची पसंती यांत इतके अंतर पडू शकते, हे ब्राझीलच्या मतदारांनीच सिद्ध केले आहे.

आता त्याच दिवशी सिनेटसाठी काय झाले ते पाहू. पराना राज्यात सर्जिओ मोरो 33.5 टक्के मतांवर सिनेटमध्ये गेले. पाउलो मार्तिन्स यांना 29 टक्क्यांच्या आसपास आणि अल्व्हारो दियास यांना 24 टक्क्यांच्या आसपास मते होती. रिओ दे जानेरोमध्ये रोमारिओ 29 टक्क्यांच्या जवळपास मतांवर निवडून आले. दुसऱ्या फेरीत मोरो किंवा रोमारिओ हरलेच असते असे मी म्हणत नाही. कदाचित दोघेही जिंकले असते, आणि मग त्यांच्या आठ वर्षांच्या सत्तेला आजच्यापेक्षा कितीतरी भक्कम आधार मिळाला असता. माझा आक्षेप त्या व्यक्तींवर नाहीच. पराना राज्याला आपल्या सिनेट सदस्याबद्दल खरे काय वाटते, हे विचारलेच गेले नाही, यावर आहे. रिओ ग्रांदे दो सुलमध्ये हॅमिल्टन मोराओ यांना सिनेटसाठी 44 टक्के आणि ओलिव्हिओ दुत्रा यांना जवळजवळ 38 टक्के मते मिळाली. त्याच मतदारांनी गव्हर्नरबाबत पुन्हा विचार करून आपला पहिला कौल बदलला. सिनेटबाबत पुन्हा विचार करण्याची संधी त्यांना मिळाली नाही.

गव्हर्नर एकटा राज्य चालवतो, सिनेट सदस्य 81 जणांतला एक असतो, म्हणून त्याला बहुमताची कसोटी नको, असे सांगितले जाते. हा युक्तिवाद मला सर्वांत कच्चा वाटतो, कारण तो सिनेटची सत्ता विसरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची नेमणूक सिनेटच्या मंजुरीशिवाय होत नाही, आणि ते न्यायाधीश वयाच्या 75 वर्षांपर्यंत पदावर राहू शकतात. मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षाला सिनेटची संमती लागते. राज्यांना आणि नगरपालिकांना परदेशातून कर्ज घ्यायचे तर सिनेटची परवानगी लागते. राष्ट्राध्यक्षावरील महाभियोगाचा निवाडा सिनेटच करते. 31 ऑगस्ट 2016 रोजी 61 विरुद्ध 20 मतांनी डिल्मा रूसेफ यांना याच सभागृहाने पदच्युत केले. रूसेफ स्वतः दुसऱ्या फेरीत निम्म्याहून अधिक मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाल्या होत्या. तो निर्णय योग्य होता की अयोग्य, यावर तुमच्या देशात आजही वाद आहे आणि मला त्यात शिरायचे नाही. पण बहुमताने निवडलेल्या व्यक्तीला हटवण्याची ताकद ज्या सभागृहाकडे आहे, त्याच्या सदस्याला स्वतःचे बहुमत सिद्ध करावे लागू नये, हे कोणत्या तत्त्वात बसते?

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे : सर्व आवाजांना जागा मिळावी म्हणून निवडणुकीचा नियम सैल असलेलाच बरा. पण ते काम तुमच्या घटनेने प्रतिनिधी सभागृहाकडे दिले आहे. तिथले 513 सदस्य प्रमाणबद्ध पद्धतीने निवडले जातात आणि लहान पक्षांनाही तिथे स्थान मिळते. सिनेटची निवड मात्र बहुमताच्या तत्त्वावर होईल, असे घटनेच्या 46व्या कलमातच लिहिले आहे. व्यवहारात त्या तत्त्वाचा अर्थ ‘सर्वाधिक मते’ असा लावला गेला, आणि गव्हर्नरबाबत त्याच घटनेने ‘निम्म्याहून अधिक’ असा अर्थ दिला. ही विसंगती मूळ दस्तऐवजातलीच आहे. ती दुरुस्त केल्याने घटनेचा आत्मा दुखावत नाही.

त्यात पर्यायी सदस्यांची भर पडते. प्रत्येक सिनेट सदस्यासोबत दोन पर्यायी सदस्य निवडून येतात आणि जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक न होता ते येऊन बसतात. 2018 मध्ये निवडून आलेल्या आरोल्दे दे ओलिव्हेरा यांचे 2020 मध्ये आणि मेजर ओलिम्पिओ यांचे 2021 मध्ये निधन झाले. दोघांच्या जागी वर्षानुवर्षे पर्यायी सदस्य बसले, आणि मूळ सदस्यांना मत देताना मतदारांपैकी फार थोड्यांनी या पर्यायी सदस्यांचा विचार केला असेल. मुळात अपुरा असलेला कौल पुढे वारशाने दिला जातो. हा वारसा टिकवायचाच असेल, तर निदान मूळ कौल तरी पुरता असावा.

खर्चाचा आणि मतदारांच्या थकव्याचा मुद्दा मला गंभीर वाटतो, कारण दुसरीकडे तो खरा ठरला आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात सिनेटसाठी दुसरी फेरी होते. तिची मुळे 1960च्या दशकातील वर्णभेदाच्या राजकारणात आहेत, आणि 2022 मध्ये तिथे केवळ एका जागेसाठी डिसेंबरमध्ये पुन्हा सगळी यंत्रणा उभी करावी लागली. त्यानंतर राज्याच्या निवडणुका पाहणाऱ्या सचिवांनीच ही पद्धत बंद करावी असे सुचवले. पण ब्राझीलची गोष्ट वेगळी आहे. तुमच्याकडे दुसरी फेरी स्वतंत्र निवडणूक नसते. 1989 पासूनच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकांपैकी फक्त 1994 आणि 1998च्या निवडणुका पहिल्या फेरीत संपल्या. बाकी प्रत्येक वेळी सगळा देश शेवटच्या फेरीसाठी पुन्हा मतदान केंद्रावर गेला. 2022 मध्ये परानाचे गव्हर्नर पहिल्याच फेरीत सुमारे 70 टक्के मतांनी निवडून आले होते, तरी 30 ऑक्टोबरला परानाचा मतदार रांगेत उभा राहिला, राष्ट्राध्यक्षासाठी एक क्रमांक दाबला आणि घरी गेला. यंत्र तिथेच होते, केंद्रावरचे कर्मचारी तिथेच होते. त्याने आणखी तीन अंक दाबले असते, तर देशाचा किती खर्च वाढला असता? आणि थकव्याचे म्हणाल तर 18 ते 70 वर्षांच्या साक्षर नागरिकांसाठी तुमच्याकडे मतदान सक्तीचे आहे, आणि 2022 मध्ये दुसऱ्या फेरीतील गैरहजेरी पहिल्या फेरीपेक्षा किंचित कमीच होती.

सर्वांत अवघड आक्षेप आहे दोन जागांचा. सिनेटची एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश अशी आलटून पालटून निवडणूक होते. 2022 मध्ये 27 जागा होत्या, 2026च्या पाळीत 54. ज्या वर्षी दोन जागा असतात, त्या वर्षी प्रत्येक मतदार दोन मते देतो, आणि टक्केवारीही फसवी होते. 2018 मध्ये मिनास जेराइसमधून रोद्रिगो पाशेको 20 टक्क्यांच्या थोड्या वर मते घेऊन आले. प्रत्येकाला दोन मते होती हे लक्षात घेतले तरी त्यांच्या मागे फार तर चाळीसेक टक्के मतदार होते. पुढे चार वर्षे तेच या सभागृहाचे अध्यक्ष होते. अशा वर्षी पहिल्या चौघांत दुसरी फेरी घेता येईल, मतदाराला दोन मते ठेवून. त्यात दोन्ही विजेत्यांना निम्म्याहून अधिक मतदारांचा पाठिंबा मिळेलच अशी खात्री नाही, हे कबूल करायला हवे. पण पहिल्याला तो जवळजवळ नक्की मिळतो आणि दुसऱ्याचा पाठिंबाही आजच्यापेक्षा खूप वाढतो. ज्यांना हेही गुंतागुंतीचे वाटते त्यांना मी आमच्या पदवीधर मतदारसंघाचे उदाहरण देईन. महाराष्ट्राच्या विधान परिषदेसाठी पदवीधर मतदार उमेदवारांना पसंतीचे क्रमांक देतात, आणि पहिल्या पसंतीत कोटा पूर्ण झाला नाही तर पुढच्या पसंतीची मते मोजली जातात. एकाच मतपत्रिकेत दुसरी फेरी होते. तुमच्या अंकपाटीच्या यंत्रावर ती पद्धत बसवणे सोपे नाही, आणि तुमच्या मतदाराला दुसऱ्या फेरीची सवय आधीच आहे. म्हणून मी सवयीच्या बाजूने आहे.

दुसऱ्या फेरीत पक्षांच्या पाठिंब्याचे सौदे होतात, हेही खरे आहे. पण सर्वाधिक मतांच्या पद्धतीत तेच सौदे उमेदवारी ठरताना बंद दाराआड होतात, कोणी उभे राहायचे आणि कोणी मते खायची यावर. दुसऱ्या फेरीआधीच्या तीन-चार आठवड्यांत मात्र, टीव्हीसमोर, कोणी कोणाला पाठिंबा दिला हे पाहून मतदार निर्णय घेतो. मला त्यात लोकशाहीचे नुकसान दिसत नाही.

तुमच्या सभागृहाचा इतिहास मी आठवण म्हणून सांगतो. 1974 मध्ये लष्करी राजवटीतही लोकांनी सिनेटच्या थेट लढवल्या गेलेल्या 22 जागांपैकी 16 विरोधी पक्षाला दिल्या. राजवट इतकी हादरली की 1977 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जनरल गाइझेल यांनी सिनेटचा एक तृतीयांश हिस्सा थेट निवडणुकीतून काढून घेतला. लोक त्या अप्रत्यक्षपणे निवडलेल्या सदस्यांना ‘बायोनिक सिनेटर’ म्हणत. लोकांचा पूर्ण कौल सत्तेला किती अडचणीचा वाटतो, हे त्या राजवटीने नेमके ओळखले होते. 1980च्या घटनादुरुस्तीने तो कौल परत केला आणि 1988च्या घटनेने तो जपला, पण अर्धाच.

निवडणूक प्रक्रियेत बदल करणारा कायदा मंजुरीनंतर एक वर्षाच्या आत होणाऱ्या निवडणुकीला लागू होत नाही, हा तुमच्या घटनेचाच नियम आहे. म्हणून घाई करू नका. 2030 मध्ये प्रत्येक राज्यात एकच जागा असेल. तिथे नियम साधा आहे, पहिले दोघे आणि दुसरा रविवार. त्या निवडणुकीपासून ही सुरुवात करा. दोन जागांच्या वर्षासाठी काय करायचे, ते ठरवायला 2034 पर्यंत वेळ आहे. यासाठी लागणाऱ्या घटनादुरुस्तीला सिनेटमध्ये 81 पैकी 49 मते लागतात, प्रतिनिधी सभागृहात 513 पैकी 308, आणि घटनेनुसार हे मतदान प्रत्येक सभागृहात दोन फेऱ्यांत घ्यावे लागते.